पानांचा चहा कडू होतो? मग या चुका टाळा

‘ग्रीन टी कडूच लागतो, पण तब्येतीसाठी घ्यायचा.’ हे वाक्य मी गेल्या काही वर्षांत इतक्यांदा ऐकलंय, की आता ते कुणी बोललं की मी पहिला प्रश्न विचारतो, पाणी किती गरम होतं? उत्तर ठरलेलं असतं: ‘खळखळ उकळलेलं. चहा म्हटल्यावर पाणी उकळायला नको?’

दूध-साखर घालून उकळायच्या चहाचं गणित वेगळं आहे. मी इथे बोलतोय ते गरम पाण्यात पानं मुरवून, गाळून, नुसता प्यायच्या चहाबद्दल. त्यात लोक ज्या चुका करतात त्यातल्या बहुतेक घाईतून होतात, आणि दोष मात्र बिचाऱ्या पानांना लागतो.

हिरव्या पानांवर आधणाचं पाणी

ही चूक सगळ्यात जास्त चहा वाया घालवते, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

हिरवा, काळा, ऊलाँग (अर्धवट काळं पडू दिलेला), पांढरा हे सगळे चहा एकाच झाडाचे. फरक पडतो तो खुडणीनंतर पानाचं काय करतात त्याने. हिरव्या चहासाठी पान लगेच तापवतात, जपानात बहुधा वाफेवर, चीनमध्ये बहुधा कढईत. त्यामुळे पानातली विकरं (एन्झाइम) थांबतात आणि पान काळं पडत नाही. पण मग कॅटेचिन नावाची कडू-तुरट द्रव्यंही जशीच्या तशी राहतात. काळ्या चहात त्यातली बरीचशी बदलून वेगळ्या रंगाची, वेगळ्या चवीची द्रव्यं तयार होतात, म्हणून तो उकळतं पाणी सोसतो. हिरवा सोसत नाही. हिरव्या पानात थिआनिन नावाचं एक अमिनो आम्लही असतं, गोडसर आणि भरीव चवीचं. ते कोमट पाण्यातही सहज उतरतं. कॅटेचिन आणि कॅफिन मात्र पाणी जितकं तापलेलं तितकी भराभर उतरतात. शंभर अंशांचं पाणी ओतलं की गोडवा कपात येतो, पण त्याच्या डोक्यावर कडवटपणा येऊन बसतो.

माझ्याकडे एकदा ग्योकुरोचं पन्नास ग्रॅमचं पाकीट आलं होतं. हा जपानी चहा खुडण्याआधी साधारण तीन आठवडे झाडांवर आच्छादन घालतात. ऊन कमी मिळालं की पानातल्या थिआनिनचं कॅटेचिनमध्ये रूपांतर होणं मंदावतं, आणि पान गोड राहतं. मी तो पुरवून पुरवून पीत होतो: पाच ग्रॅम पानं, जेमतेम ऐंशी मिली पाणी, पंचावन्न अंश, दोन मिनिटं. इवलासा कप, पण चव जिभेवर बराच वेळ रेंगाळायची.

एका संध्याकाळी घरी चार माणसं आली. मी फोनवर होतो. त्यातल्या एका मित्राने मदत म्हणून किटली लावली, पाकिटातली जवळजवळ निम्मी पानं मोठ्या भांड्यात ओतली आणि वरून अर्धा लिटर उकळतं पाणी. मी येईपर्यंत सात-आठ मिनिटं झाली होती. रंग गढूळ पिवळा, आणि पहिल्या घोटाला सगळ्यांचे चेहरे आक्रसले. मित्र म्हणाला, ‘एवढा नावाजलेला चहा आणि हा असा?’ मला पानांचं वाईट वाटलंच, पण जास्त वाईट वाटलं ते त्याच्या मनात बसलेल्या समजुतीचं. त्यानंतर कितीतरी महिने तो हिरव्या चहाला हात लावेना. शेवटी एक दिवस त्याला बसवून त्याच पाकिटातली उरलेली पानं पंचावन्न अंशांच्या पाण्यात करून दिली. हे वेगळं पाकीट आहे असंच तो म्हणत राहिला. पाकीट दाखवल्यावर गप्प झाला, आणि दुसरा कप मागितला.

थर्मामीटर नसेल तर माझी सवय सांगतो. उकळलेलं पाणी रिकाम्या कपात ओता, त्यातून दुसऱ्या कपात, मग पानांवर. भांडी गार असतील तर दर ओतण्याला साधारण आठ-दहा अंश उतरतात. सेंचा या जपानी हिरव्या चहासाठी मी सत्तरच्या आसपास थांबतो आणि मिनिटभर मुरवतो. कढईत भाजलेल्या चिनी लाँगजिंगला ऐंशी चालतं. काही किटल्यांवर ‘ग्रीन टी’चं बटण असतं, ते बहुतेक ऐंशीच्या घरात पाणी देतं. लाँगजिंगला ते बरोबर बसतं, ग्योकुरोला फार गरम होतं. हिरव्या चहात इतके प्रकार आहेत की एका बटणात ते मावत नाहीत. म्हणून मी त्या बटणावर अवलंबून राहत नाही.

दार्जिलिंगच्या पहिल्या खुडणीलाही हीच काळजी लागते. नाव काळा चहा, पण त्याचं पान पूर्ण काळं पडू दिलेलं नसतं. भांड्यात नीट पाहिलं तर हिरवट तुकडे दिसतात. त्याला मी नव्वदच्या खाली पाणी देतो, अडीच ते तीन मिनिटं.

उलटी चूकही होते. ‘गरम पाण्याने चहा बिघडतो’ एवढं ऐकून लोक आसामच्या काळ्या चहावर किंवा पूअर या मुरवलेल्या चिनी चहावर कोमट पाणी ओततात आणि पाणचट म्हणून नाकं मुरडतात. त्यांना खळखळतं पाणीच लागतं, आणि भांडंही आधी गरम करून घ्यावं लागतं. उंचावर राहणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं: दर तीनशे मीटरमागे पाणी साधारण एक अंश आधी उकळतं. दोन हजार मीटरवर उकळतं पाणी म्हणजे त्र्याण्णव अंशांच्या आसपास. तिथे काळा चहा मिनिटभर जास्त ठेवा.

कडक हवा म्हणून जास्त वेळ ठेवणं

कडक आणि कडू या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चहा दाट हवा असेल तर पानं वाढवा. वेळ वाढवली की पानातलं चांगलं आधीच उतरून गेलेलं असतं, आणि उरलेलं कडू-तुरट तेवढं येत राहतं. नवशिके नेमकं याच्या उलट करतात: पानं चिमूटभर, वेळ दहा मिनिटं. पानं वाचवल्याचं समाधान मिळतं, चहा मात्र पिण्याजोगा राहत नाही.

चहा चाखून पारखण्याचं एक आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ ३१०३. त्यात शंभर मिली उकळत्या पाण्याला दोन ग्रॅम पानं आणि सहा मिनिटं असं प्रमाण दिलंय. बरेच जण हीच आदर्श कृती समजून चालतात. पण पारखी लोकांना दोन चहांची तुलना एकाच मापाने करायची असते आणि पानातले दोषही उघडे पाडायचे असतात. आपल्याला दुपारी निवांत बसून प्यायचं असतं. मी काळ्या चहाला दोनशे मिलीमागे अडीच ग्रॅम घेतो आणि तीन-साडेतीन मिनिटांत गाळतो. ऊलाँग छोट्या भांड्यात, शंभर मिलीला पाच-सहा ग्रॅम, पहिलं पाणी तीस सेकंद, आणि तीच पानं पाच-सहा वेळा.

इथे ‘ग्रॅम’ म्हणतोय, ‘चमचा’ नाही, याला कारण आहे. चांदीच्या सुयांसारखा पांढरा चहा, बाय हाओ यिन झेन, इतका फुगीर असतो की चमच्यात जेमतेम मावतो. त्याच चमच्यात तिएग्वानयिनसारख्या घट्ट वळलेल्या ऊलाँगच्या गोळ्या दुपटी-तिपटीने जड भरतात. दशांश ग्रॅम दाखवणारा छोटा काटा घ्या. महागडी किटली घेण्याआधी तो घ्या, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे.

आणि गाळायचं म्हणजे पूर्ण गाळायचं. भांड्यात अर्धा चहा पानांसकट सोडून पहिला कप प्यायलात, तर दुसरा कप तोवर मुरतच असतो. शेवटचा थेंब गाळेपर्यंत मी भांडं खाली ठेवत नाही.

सगळे चहा एका डब्यात

मोगऱ्याचा चहा (जास्मिन टी) कसा होतो माहीत आहे? तयार चहाच्या पानांमध्ये ताज्या कळ्या मिसळून रात्रभर ठेवतात. कळ्या उमलतात, पानं वास ओढून घेतात, सकाळी फुलं काढून टाकतात. चांगल्या चहासाठी हे अनेक रात्री चालतं. वास पिऊन घेण्याची पानांची ही ताकद तुमच्या कपाटातही तितकीच चालू असते, आणि तिथे फक्त मोगरा नसतो.

मला हे महागात पडून कळलं. लापसांग सूचाँग हा चीनच्या वूयी डोंगरातला काळा चहा, पाइनच्या लाकडाच्या धुरावर वाळवलेला. त्याचं कागदी पाकीट मी दार्जिलिंगच्या पहिल्या खुडणीच्या पाकिटाशेजारी, एकाच पत्र्याच्या डब्यात ठेवलं. झाकण घट्ट, म्हणून मी निर्धास्त. तीन आठवड्यांनी दार्जिलिंग केला तर कपातून धुराचा वास. दोन दिवस पानं कागदावर पसरून ठेवली, काही उपयोग झाला नाही. ती खुडणी फेब्रुवारीअखेर ते एप्रिल अशी वर्षातून एकदाच होते. मी पुढच्या वसंतापर्यंत थांबलो.

आता प्रत्येक चहाला वेगळा डबा, आत दुसरं झाकण, वर तारीख. काचेच्या बरण्या दिसायला छान असल्या तरी उजेडाने पान फिकं पडतं. फ्रिजमध्ये ठेवत असाल तर सीलबंदच ठेवा, आणि बाहेर काढल्यावर पाकीट खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नका. नाहीतर गार पानांवर दव धरतं.

थोडक्यात सांगण्याजोग्या

जाळीचा छोटा गोळा वापरू नका. ऊलाँगच्या गोळ्या उलगडून कितीतरी पट मोठ्या होतात, त्यांना जागा लागते.

चहावर तवंग येतो तो बहुधा जड पाण्यातल्या कॅल्शियममुळे, पानं खराब म्हणून नव्हे. गाळलेलं, हलकं पाणी वापरा, पण पूर्ण क्षारहीन पाण्यातही चहा मुका लागतो. पाण्याचा हा विचार नवा नाही. आठव्या शतकातल्या लू यू या चिनी चहातज्ज्ञानेही डोंगरातलं पाणी उत्तम, नदीचं मध्यम आणि विहिरीचं कनिष्ठ ठरवलं होतं.

पहिलं पाणी अर्धा मिनिट ठेवून ओतून दिलं की कॅफिन निघून जातं, हे खरं नाही. बरंचसं पानातच राहतं. दाबलेल्या पूअरची वडी सुटी व्हावी म्हणून पहिलं पाणी टाकणं वेगळं, ते जरूर करा.

चहाची पिशवी (टी बॅग) पिळू नका.

जास्वंद, कॅमोमाइल यांची पेयं चहाच्या झाडाची नाहीत. त्यांना बिनधास्त उकळतं पाणी द्या, पाच-सात मिनिटं.

पहिल्याच महिन्यात बारा प्रकार आणू नका. दोन आणा, तेच रोज करा, आणि एका वेळी एकच गोष्ट बदला: पानं, पाणी किंवा वेळ. तिन्ही एकदम बदलणाऱ्यांना चहा एखाद्या दिवशी फार छान होतो आणि का झाला ते कळत नाही. मी अजून वही ठेवतो, एका ओळीत तीन आकडे आणि चवीबद्दल एक शब्द.

बिघडलाच तर

कडू झाला तर आधी पाणी गार करा, वेळेला नंतर हात लावा. तोंड कोरडं पडतंय, जीभ खरखरीत होतेय, तर वेळ कमी करा. पाणचट लागला तर पानं वाढवा. चव ठीक पण वासच नाही, तर पान जुनं झालंय, किंवा डबा उघडा राहिला होता.

आणि पहिला कप कडू झाला म्हणून हिरवी पानं लगेच फेकू नका. सगळं पाणी निथळून काढा, झाकण उघडं ठेवून पानं मिनिटभर निवू द्या, मग साठ अंशांचं पाणी ओतून वीस सेकंदांत गाळा. कडवटपणाचा बराच भाग पहिल्या कपात गेलेला असतो, त्यामुळे हा दुसरा कप हलका असला तरी बहुतेक वेळा पिण्याजोगा निघतो.