थ्रेडची प्रायॉरिटी लावण्याआधी लॉक तपासा

प्रोग्राम अडखळायला लागला की कुणीतरी हमखास सांगतं, टास्क मॅनेजरमध्ये जाऊन 'रिअलटाइम' करून टाक. कृपा करून करू नका. विंडोजमध्ये थ्रेडच्या (प्रोग्राममध्ये स्वतंत्रपणे चालणाऱ्या कामाच्या धाग्याच्या) प्रायॉरिटीच्या, म्हणजे सीपीयू आधी कुणाला मिळेल याच्या, ० ते ३१ अशा पातळ्या आहेत आणि १६ पासून वरचा भाग रिअलटाइमचा. तिथे तुमचा थ्रेड न थांबता फिरत राहिला तर माऊस आणि कीबोर्डसुद्धा अडून बसू शकतात. शिवाय ॲडमिनचे हक्क नसले तर विंडोज काही न बोलता 'हाय' लावतं आणि आपण मात्र रिअलटाइम लागली असं समजून बसतो.

प्रोसेस, म्हणजे चालू असलेला अख्खा प्रोग्राम, 'नॉर्मल'वरच राहू द्या. तिची मूळ पातळी ८.

मागे चालणाऱ्या कामाचा थ्रेड तेवढा खाली आणा. सेटथ्रेडप्रायॉरिटी या विंडोजच्या फंक्शनने 'बिलो नॉर्मल' लावलं की ७, 'लोएस्ट' लावलं की ६. थ्रेडपूलमधल्या, म्हणजे आधीच तयार ठेवलेल्या सामायिक थ्रेडना हात लावू नका, ते इतर कामांनाही वापरले जातात.

आता खरा अवघड भाग. दादरच्या एका फोटो स्टुडिओसाठी मी लग्नाच्या अल्बमचा प्रोग्राम लिहिला होता. छोटी चित्रं बनवणारा थ्रेड मी मोठ्या विश्वासाने 'लोएस्ट'वर टाकला. फोटो कॉम्प्रेस करणारे ४ थ्रेड नॉर्मलवर होते. माझ्या ८ कोरच्या मशीनवर सगळं सुरळीत चाललं. स्टुडिओतल्या ४ कोरच्या मशीनवर मात्र यादी सरकवली की खिडकी गोठायची, सुमारे ४ सेकंदांनी आपोआप सुटायची आणि थोड्या वेळाने पुन्हा गोठायची. समोर नवरीचे आई-वडील फोटो निवडायला बसलेले असायचे. मी दोन आठवडे डिस्कला दोष देत होतो.

दोष लॉकचा होता. लॉक म्हणजे सामायिक माहिती एका वेळी एकाच थ्रेडला हाताळू देणारं कुलूप. चित्रं बनवणारा थ्रेड फोटोंच्या यादीचा लॉक धरून होता आणि खिडकीच्या थ्रेडला (स्क्रीनवरची खिडकी चालवणाऱ्या) तोच लॉक हवा होता. चारही कोर कॉम्प्रेसने व्यापलेले, त्यामुळे ६ वरच्या थ्रेडची पाळीच येत नव्हती. तो लॉक सोडेना आणि खिडकी हलेना. याला प्रायॉरिटी इन्व्हर्जन म्हणतात. १९९७ मध्ये मंगळावर उतरलेलं पाथफाइंडर यान याच कारणाने पुन्हा पुन्हा रिसेट होत होतं. तिथे लॉक धरणाऱ्याला वाट पाहणाऱ्याची प्रायॉरिटी देण्याची सोय चालू करून प्रश्न सुटला. विंडोजच्या क्रिटिकल सेक्शन या लॉकमध्ये ती सोय नाही. सुमारे ४ सेकंद उपाशी राहिलेल्या थ्रेडला विंडोज थोडा वेळ १५ वर चढवतं, म्हणून खिडकी सुटत होती. आपोआप सुटणारं असं गोठणं दिसलं की सगळ्यात आधी लॉकवर संशय घ्या.

म्हणून प्रायॉरिटी बदलण्याआधी त्या थ्रेडचा प्रत्येक लॉक कागदावर लिहून काढा. खिडकीचा थ्रेड त्यातला एखादा लॉक घेत असेल, तर तो धरून फक्त फाइलचा पत्ता उचला आणि लगेच सोडा. फोटो उघडणं, लहान करणं सगळं लॉकच्या बाहेर. हे जमत नसेल तर तो थ्रेड नॉर्मलवरच ठेवा. खिडकीची प्रायॉरिटी वाढवून काहीही होत नाही, कारण ती सीपीयूची वाट बघतच नसते.

काम डिस्कचं असेल तर बॅकग्राउंड मोड वापरा, त्याने डिस्कची पाळीही मागे जाते. तो त्या थ्रेडने स्वतःच चालू आणि बंद करायचा असतो. लॉकची अट इथेही तीच.

शेवटी चाचणी गिऱ्हाइकाच्या मशीनवर घ्या. कोर तितके कॉम्प्रेसचे थ्रेड चालू ठेवा आणि पाच मिनिटं यादी वर-खाली करत बसा.