कलेच्या इतिहासात पीएचडी: अर्जापूर्वी विभाग कसा पारखावा

परदेशात कलेच्या इतिहासात पीएचडी करू इच्छिणारे विद्यार्थी माझ्याकडे येतात, तेव्हा त्यांच्या यादीत विद्यापीठांची नावे असतात. मार्गदर्शकांची नावे विचारली की बहुतेक जण गप्प होतात. म्हणून यादी करण्याआधी काही गोष्टी तपासाव्यात, असा माझा आग्रह असतो.

पहिली गोष्ट पद्धतीची. अमेरिकेत आधी दोन-तीन वर्षे वर्ग, मग पात्रता परीक्षा, प्रबंधाचा आराखडा आणि शेवटी प्रबंध, असा क्रम असल्याने सहा-सात वर्षे सहज जातात. ब्रिटनमध्ये पदव्युत्तर पदवी बहुधा गृहीत धरली जाते, विषयाचा प्रस्ताव अर्जासोबतच द्यावा लागतो आणि तीन-चार वर्षांत प्रबंध पुरा करायचा असतो. ज्याचा विषय अजून पक्का झालेला नाही, त्याने ब्रिटनची घाई करू नये.

मार्गदर्शकाची निवड मात्र सर्वांत जपून करावी. त्यांचे अलीकडचे लेख वाचावेत, त्यांच्या विद्यार्थ्यांनी कोणत्या विषयांवर आणि किती वर्षांत प्रबंध पूर्ण केले ते पाहावे, आणि यंदा नवे विद्यार्थी घेणार आहेत का, हे छोट्या, नेमक्या पत्राने विचारावे. दक्षिण आशियाई कलेसाठी अनेक विभागांत एकच प्राध्यापक असतो, हे विशेष लक्षात ठेवा. माझ्या तिसऱ्या वर्षी माझ्या मार्गदर्शक दुसऱ्या विद्यापीठात गेल्या. विभागात इस्लामी कलेचे एक अभ्यासक होते, म्हणूनच माझे काम पुढे सरकले. तेव्हापासून मी सर्वांना सांगतो की जिथे आपला प्रबंध समजून वाचू शकतील अशा किमान दोन व्यक्ती आहेत, तिथेच अर्ज करा.

यानंतर ग्रंथालय आणि संग्रह. मुघल चित्रांवर काम करणाऱ्याला लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालयातील अकबरनाम्याची चित्रे प्रत्यक्ष पाहता येणे मोलाचे आहे, कारण पानाच्या मागची नोंद, कागदाचा पोत आणि रंगांचे थर छायाचित्रात नीट कळत नाहीत. जर्मनीतील हँबर्गहून 1933 मध्ये लंडनला आलेल्या, कला आणि संस्कृतीच्या इतिहासाच्या वारबुर्ग ग्रंथालयात पुस्तके विषयांच्या शेजारसंबंधाने लावलेली आहेत, त्यामुळे शोधायला गेलेल्या पुस्तकाशेजारी न शोधलेले पुस्तक सापडते. भाषांची अटही आताच विचारून घ्या: अनेक अमेरिकी विभाग दोन परभाषांच्या वाचनाची परीक्षा घेतात. फ्रेंच किंवा जर्मनऐवजी फारसी, संस्कृत चालते का, हे विचारायला संकोच करू नये.

पैशाबाबत 'पूर्ण अर्थसाहाय्य' या शब्दांवर थांबू नका. ते किती वर्षांचे आहे, उन्हाळ्यात मिळते का, आरोग्य विमा त्यात आहे का, शिकवण्याचे काम किती, आणि प्रवासाचा संशोधननिधी परदेशी विद्यार्थ्यांना खुला आहे का, हे लेखी विचारा. अमेरिकेतील काही सरकारी निधी नागरिकांना आणि कायम रहिवाशांनाच मिळतात. एफ-1 म्हणजे अमेरिकेच्या विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना विद्यापीठातील काम आठवड्याला 20 तासांपुरतेच करता येते, तेव्हा तुटीचा हिशेब जादा कामावर सोडता येत नाही. अर्थसाहाय्याचा देकार स्वीकारण्यासाठी बहुतेक अमेरिकी विद्यापीठे 15 एप्रिलपर्यंत मुदत देतात. त्याआधी कोणी घाई केली तर वेळ मागावा.

निर्णयापूर्वी चौथ्या-पाचव्या वर्षाच्या विद्यार्थ्यांशी, प्राध्यापक समोर नसताना, बोला. प्रबंध अर्धवट सोडून किती जण गेले आणि का, हे त्यांना जरूर विचारा.