तंत्रज्ञान-वार्तापत्र संवादी रूपात नेण्यापूर्वीची तयारी

विद्यापीठाच्या तंत्रज्ञान-वार्तापत्राचा अंक ठरावीक तारखेला पीडीएफ होऊन सर्वांना पोहोचला की संपादक मंडळ मोकळे होते आणि पुढच्या अंकाच्या मागे लागते. तेच वार्तापत्र एकेका लेखाने, वाचकांच्या शंका आणि दुरुस्त्या सोबत घेऊन ऑनलाइन चालवायचे ठरले, तर प्रत्येक लेख प्रसिद्ध झाल्यानंतरही कोणाच्या तरी जबाबदारीवर राहतो. सगळी तयारी हे गृहीत धरून करावी. बोधचिन्ह, रंग आणि मांडणी यांवर बैठकांचा बहुतेक वेळ जातो. माझ्या मते तो विषय सर्वांत शेवटी घ्यावा.

पहिले काम जुन्या अंकांची मोजदाद करण्याचे आहे. एकच नोंदवही करावी आणि तीत प्रत्येक लेखाची तारीख, लेखक, पीडीएफ कुठे आहे, पेजमेकर या पानमांडणीच्या सॉफ्टवेअरची किंवा अन्य मूळ फाइल उरली आहे का आणि छायाचित्रे कोणी काढली, हे लिहावे. त्यानंतर प्रत्येक लेख वाचून त्यातील मजकूर आजही लागू आहे का, हे ठरवावे. तंत्रज्ञानविषयक मजकूर फार लवकर शिळा होतो आणि शिळा झालेला सल्ला वाचकाचे प्रत्यक्ष नुकसान करतो. दर तीन महिन्यांनी पासवर्ड बदला, हा एके काळी सर्वमान्य सल्ला होता. अमेरिकेतील एनआयएसटी या मानक संस्थेने २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत मात्र ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलायला लावू नये, तो फुटल्याचा पुरावा मिळाला तर अवश्य बदलायला लावावा, अशी भूमिका घेतली. अ‍ॅडोबी फ्लॅशचे पाठबळ २०२० च्या अखेरीस संपले, त्यामुळे त्यावर बनवलेली जुनी प्रात्यक्षिके आता उघडणारही नाहीत. असे लेख काढून टाकू नयेत, कारण विद्यापीठात त्या काळी काय वापरले जात होते याचा तो दस्तऐवज आहे. परंतु लेखाच्या अगदी माथ्यावर, पहिल्या परिच्छेदाच्याही आधी, हा सल्ला आता पाळू नये अशी तारीखवार सूचना द्यावी आणि तिथूनच नव्या माहितीकडे वाट करून द्यावी. पुढील प्रत्येक नव्या लेखालाही प्रसिद्धीची तारीख, शेवटच्या तपासणीची तारीख आणि तो लेख सांभाळणाऱ्या विभागाचे नाव, या तीन गोष्टी सक्तीच्या कराव्यात.

दुसरे काम मराठी मजकुराचे आहे आणि त्याला अंदाजापेक्षा हमखास जास्त वेळ लागतो, म्हणून त्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो. युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतील अक्षरांना ठरावीक संकेत देणारी जागतिक पद्धत, रुळण्यापूर्वीचे अंक बहुधा अशा फॉन्टमध्ये जुळवलेले असतात, ज्यांत देवनागरी अक्षरांचे आकार रोमन अक्षरांच्या जागी बसवलेले असतात. पीडीएफमध्ये ते नीट दिसते, पण मजकूर उचलून दुसरीकडे चिकटवला की रोमन अक्षरांचा अर्थहीन पुंजका हाती येतो. परिवर्तकाने त्याचे युनिकोड करता येते. परंतु जुन्या फॉन्टमध्ये जसे दिसते त्या क्रमाने टंकलेखन होत असे आणि युनिकोडमध्ये अक्षरे उच्चाराच्या क्रमाने साठवली जातात, त्यामुळे ऱ्हस्व वेलांटी आणि रफार हमखास चुकीच्या जागी पडतात. ‘कार्यक्रम’चे ‘कायर्क्रम’ झालेले आपण सर्वांनी कुठे ना कुठे पाहिलेले आहे. अशा चुका यंत्राच्या भरवशावर सोडू नयेत. परिवर्तित लेख मूळ पीडीएफशेजारी ठेवून मुद्रितशोधकाने ओळीने वाचावा.

त्यातही ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’ अशा शब्दांतील ऱ्य तपासावा. तो संगणकात दोन प्रकारे साठवता येतो : एक, नुक्ता असलेला ऱ घेऊन, दुसरा, साध्या र ला हलन्त करून त्यापुढे न दिसणारे जोडचिन्ह घालून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण शोधयंत्रणेने त्यांना एक मानण्याची खास सोय केलेली नसेल, तर एका पद्धतीने टंकलेला शब्द शोधणाऱ्याला दुसऱ्या पद्धतीचा लेख सापडत नाही. म्हणून एक पद्धत निवडून सगळा जुना मजकूर एकदाच त्या पद्धतीत आणावा आणि नव्या लेखकांनाही ती आधीच कळवावी.

तिसरे काम पत्त्यांचे. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ मध्येच आग्रहाने मांडले होते की वेबवरचा पत्ता एकदा दिला की तो बदलू नये. तरीही स्थलांतरात सर्वांत आधी मोडतात ते पत्तेच. पूर्वी मी ज्या स्थलांतरात सहभागी होतो, त्यात वायफाय जोडणीच्या जुन्या लेखाचा क्यूआर कोड वसतिगृहातील प्रत्येक मजल्यावर चिकटवलेला आहे, हे आमच्यापैकी कोणालाच आठवले नव्हते. नव्या सत्रात आलेली मुले तो कोड उघडत राहिली आणि त्यांना पान सापडत नसल्याचा संदेश दिसत राहिला. वार्तापत्राचे पत्ते प्रवेश-पुस्तिका, विभागांच्या सूचना, प्रयोगशाळेच्या भिंती आणि प्राध्यापकांची सादरीकरणे अशा कुठल्याही ठिकाणी असू शकतात, हे धरून चालावे. सर्व्हरच्या नोंदींतून गेल्या वर्षभरात प्रत्यक्ष उघडले गेलेले पत्ते काढावेत, प्रत्येकासमोर नवा पत्ता लिहावा आणि ३०१ या कायमस्वरूपी वळवणीच्या संकेताने जुना पत्ता नव्याकडे वळवावा. सगळे जुने पत्ते मुखपृष्ठाकडे वळवून मोकळे होण्याचा मोह टाळावा, कारण विशिष्ट माहिती शोधत आलेला वाचक तिथून बहुधा परत जातो.

चौथी आणि माझ्या दृष्टीने सर्वांत गंभीर तयारी वाचकांच्या प्रतिसादांची आहे. वाचक विचारणार असतील तर उत्तर कोण देणार, हे नावानिशी आणि वारानिशी ठरलेले असावे. ‘संपादक मंडळ पाहील’ असा ठराव झाला की कोणीच पाहत नाही. कामाच्या दोन दिवसांत पहिले उत्तर, एवढा साधा नियम ठरवून तो जाहीर करावा. परीक्षेच्या काळात किंवा सुट्टीत तो पाळता येणार नसेल, तर त्या मुदतीत प्रतिसाद घेणे बंद ठेवावे आणि तसे स्पष्ट लिहावे. अनुत्तरित प्रश्नांची रांग पाहून वाचकाचा विश्वास जितका उडतो तितका अशा सूचनेने उडत नाही. ‘माझा मेल उघडत नाही’ ही मदतकक्षाची तक्रार आहे. ती तिकडे नोंदवून तक्रार क्रमांक वाचकाला कळवण्याची रीत आधीच बसवावी. अडचणीत सापडलेला विद्यार्थी भाबडेपणाने आपला आसनक्रमांक, दूरध्वनी, कधी पासवर्डसह पडद्याचे छायाचित्रही सर्वांसमोर टाकतो, म्हणून प्रत्येक वाचकाचा पहिला प्रतिसाद तपासल्यानंतरच दिसावा आणि अशी माहिती तत्काळ झाकण्याचा अधिकार किमान दोन व्यक्तींकडे असावा. टीका मात्र झाकू नये. सेवा बंद पडल्याबद्दल कोणी कडक शब्दांत लिहिले, तर त्याखाली संबंधित विभागाचे उत्तर यावे. याचसाठी तर आपण संवादी रूप स्वीकारत आहोत. वाचकाने चूक दाखवली तर लेख दुरुस्त करून, काय आणि केव्हा दुरुस्त केले ते लेखाखाली नोंदवावे आणि त्या वाचकाचे आभार मानावेत.

सुलभतेचे, म्हणजे दृष्टिबाधित वाचकांनाही मजकूर वाचता यावा यासाठीचे, निकष सुरुवातीलाच लावावेत. डब्ल्यूसीएजी या वेबसाठीच्या आंतरराष्ट्रीय सुलभता-सूचनांच्या एए पातळीनुसार नेहमीच्या आकाराची अक्षरे आणि पार्श्वभूमी यांच्यातील उजळपणाचा फरक किमान ४.५ : १ असावा लागतो. चित्रांना पर्यायी वर्णन द्यावे आणि वेळापत्रक चित्र म्हणून कधीही टाकू नये, कारण पडदा-वाचक (पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारी प्रणाली) वापरणाऱ्या विद्यार्थ्याला त्यातले काहीच वाचता येत नाही.

ई-मेल बंद करू नये. बरेच वाचक वार्तापत्र वाचतात ते मेलपेटीत समोर आले म्हणून. तेव्हा महिन्यातून एकदा निवडक लेखांचा छोटा मेल जावा. जीमेल १०२ केबीपेक्षा मोठा मजकूर मध्येच कापते, म्हणून त्यात सारांश आणि दुवे एवढेच ठेवावे. फेब्रुवारी २०२४ पासून गुगल आणि याहू यांनी मोठ्या संख्येने मेल पाठवणाऱ्यांसाठी एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क (मेल खरोखर त्याच पाठवणाऱ्याकडून आला आहे हे पडताळण्याच्या पद्धती) आणि एका क्लिकवर नाव कमी करण्याची सोय या अटी घातल्या आहेत. मेलव्यवस्था सांभाळणाऱ्या सहकाऱ्यांकडून त्यांची पूर्तता तपासून घ्यावी.

हक्कांबाबत जुन्या लेखकांची आणि छायाचित्रकारांची परवानगी लेखी घ्यावी. वार्तापत्राला छापील आवृत्तीचा आयएसएसएन, म्हणजे नियतकालिकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, असेल, तर ऑनलाइन आवृत्तीसाठी वेगळा क्रमांक लागतो.

नवी प्रणाली निवडताना तिच्यातून सगळा मजकूर प्रतिसादांसह बाहेर काढता येतो का, हे विक्रेत्याच्या शब्दावर न सोडता स्वतः काढून पाहावे. वर्षाअखेरीस त्या वर्षीच्या लेखांची पीडीएफ-ए स्वरूपातील प्रत ग्रंथालयाच्या संग्रहात जमा करावी, कारण ते स्वरूप दीर्घकालीन जतनासाठीच ठरवलेले आहे.

शेवटचा पीडीएफ अंक निघण्यापूर्वी महिनाभर दोन्ही रूपे समांतर चालवावीत आणि संपादक मंडळाबाहेरच्या चार-पाच विद्यार्थ्यांना मोबाइलवर एखादा जुना लेख शोधायला, त्याखाली प्रश्न विचारायला सांगून ते कुठे अडतात ते शेजारी बसून पाहावे. शेवटच्या अंकाच्या पहिल्या पानावर नवा पत्ता, प्रश्न विचारण्याची रीत आणि उत्तर देणाऱ्यांच्या वेळा ठळक छापाव्यात. बदलाच्या दिवशी सकाळी एका व्यक्तीकडे दुसरे कोणतेही काम न देता जुन्या पत्त्यांची यादी द्यावी, म्हणजे ती प्रत्येक पत्ता उघडून त्यासमोर खूण करत जाईल.