एका विंडोजची पाच वर्कस्टेशन्स: व्हर्च्युअलबॉक्समध्ये क्लोन करण्याची रीत

अकाउंटिंगचा क्लास असो, सीएचं छोटं ऑफिस असो की कॉलेजची लॅब, गरज एकच असते. एक विंडोज नीट बसवून झालेलं आहे, सॉफ्टवेअर आहे, मराठी कीबोर्ड आहे, आणि आता तस्संच आणखी पाच जणांना द्यायचं आहे. व्हर्च्युअलबॉक्समध्ये, म्हणजे एका संगणकात अनेक आभासी संगणक चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, हे राइट-क्लिकचं काम वाटतं, आणि डिस्कची कॉपी खरोखर तेवढ्यात होतेही. पण डिस्कसोबत त्या मशीनची ओळखही कॉपी होते. पुढच्या बहुतेक भानगडी तिथून सुरू होतात, म्हणून मेहनत क्लोन करण्याआधी घ्यायची.

इथे धरलेली मांडणी अशी: ३२ जीबी रॅम आणि एसएसडी असलेला एक होस्ट (ज्यात ही आभासी मशीन चालतात तो खरा संगणक), त्यावर व्हर्च्युअलबॉक्स ७, आत विंडोज ११ प्रो, आणि वापरणारे आपापल्या जुन्या पीसीवरून रिमोट डेस्कटॉपने जोडले जाणार. होम आवृत्ती घेऊ नका, तिच्यात बाहेरून रिमोट डेस्कटॉपने शिरता येत नाही. कमांड आणि फाइलींची नावं खाली उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत, टाइप करताना अर्थातच रोमन लिपीत.

आधी हिशोब

३२ जीबीतले ८ जीबी होस्टला सोडा. उरले २४. विंडोज ११ ला किमान ४ जीबी लागतात, म्हणजे कागदावर सहा मशीन बसतात. पण ब्राउझर आणि अकाउंटिंगचं सॉफ्टवेअर एकत्र चालवायचं तर ६ जीबी द्यावेत, आणि मग चारच बसतात. पाचवं हवंच असेल तर रॅम वाढवा. सगळ्यांची कापाकापी केली की पाचही रखडतात. प्रत्येकाला दोन प्रोसेसर पुरतात. फिरत्या हार्ड डिस्कवर हा खटाटोप करू नये: सकाळी सगळी मशीन एकदम सुरू झाली की डिस्कचा दिवा विझतच नाही.

परवान्याचं आधी बघा. प्रत्येक क्लोनला स्वतःचा विंडोज परवाना लागतो, मास्टरची, म्हणजे ज्यावरून क्लोन काढायचे त्या मूळ मशीनची, किल्ली पाचही ठिकाणी चालत नाही. शिवाय व्हर्च्युअल मशीनमधलं विंडोज दुसऱ्या पीसीवरून वापरण्याचे नियम साध्या परवान्यापेक्षा वेगळे आहेत. विक्रेत्याकडून ते लेखी घ्या.

मास्टर तयार करताना

नवं व्हर्च्युअल मशीन करा: ८० जीबीची डिस्क, जागा लागेल तशी वाढणारी, टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट चालू. विंडोज बसवून देश विचारणारा पहिला पडदा आला की काही न निवडता कंट्रोल, शिफ्ट आणि एफ३ एकत्र दाबा. मशीन रीस्टार्ट होऊन ऑडिट मोडमध्ये जातं आणि तात्पुरत्या ॲडमिनिस्ट्रेटर खात्याने उघडतं. सिसप्रेपची, म्हणजे मशीनची ओळख पुसणाऱ्या विंडोजच्याच साधनाची, छोटी खिडकी समोर येईल, ती रद्द करून कामाला लागा. वापरकर्त्याचं खातं मास्टरमध्ये तयारच होत नाही, हा ऑडिट मोडचा मोठा फायदा. खातं करून, महिनाभर वापरून मग त्यालाच मास्टर करायला गेलात तर त्या खात्याचा कचरा पाचही ठिकाणी जातो आणि सिसप्रेप अडण्याची शक्यताही वाढते.

नेटवर्कची केबल व्हर्च्युअलबॉक्सच्या सेटिंगमधून काढून ठेवा आणि सॉफ्टवेअरच्या इन्स्टॉलर फाइली शेअर्ड फोल्डरमधून आत घ्या. त्यासाठी गेस्ट ॲडिशन्स (व्हर्च्युअलबॉक्सचे आतल्या विंडोजमध्ये घालायचे ड्रायव्हर) आधी बसवावे लागतात. विंडोज अपडेटपुरतं इंटरनेट जोडलंत तर स्टोअरमधलं ॲप्सचं आपोआप अपडेट आधी बंद करा. कारण पुढे येतंच.

मराठी कीबोर्ड घालताना भाषेच्या यादीतून मराठी निवडा, पण भाषेचा पॅक आणि मराठी डिस्प्ले हे पर्याय अनटिक करा. टायपिंगला फक्त कीबोर्ड लागतो. पॅक आला की तो स्टोअरमधल्या ॲपसारखा त्या एका खात्यापुरता बसतो आणि सिसप्रेप त्यावर अडतं. कीबोर्ड घालून झाल्यावर कंट्रोल पॅनलमध्ये रीजन, मग ॲडमिनिस्ट्रेटिव्ह, मग कॉपी सेटिंग्ज इथे जाऊन नव्या वापरकर्त्यांच्या खात्यांसमोर टिक करा. नाहीतर कीबोर्ड तात्पुरत्या खात्यापुरताच राहतो. डेस्कटॉपवरचे शॉर्टकटही पब्लिक डेस्कटॉपच्या फोल्डरमध्ये टाका म्हणजे सगळ्यांना दिसतील.

अँटिव्हायरस आणि दूरून मदत देणारी ॲप्स मास्टरमध्ये बसवू नका. ती पहिल्यांदा चालताना स्वतःचा आयडी तयार करतात. तो आयडी क्लोन झाला की कंपनीच्या पॅनलवर पाच मशीनच्या जागी एकच दिसतं, आणि मदत मागितलेल्या मशीनऐवजी शेजारचंच उघडतं.

इतकं झालं की मशीन बंद करून स्नॅपशॉट घ्या, म्हणजे नंतर परत येता येईल अशी त्या क्षणाच्या अवस्थेची नोंद. नाव 'कच्चा'.

सिसप्रेप

मशीन सुरू करून आधी बिटलॉकर बघा. विंडोज ११ च्या अलीकडच्या आवृत्त्या डिस्कचं एन्क्रिप्शन कधीकधी स्वतःहूनच सुरू करतात, आणि ते असलं की सिसप्रेप पुढे सरकत नाही. ॲडमिन कमांड प्रॉम्प्टवर मॅनेज-बीडीई स्टेटस देऊन तपासा, चालू असेल तर त्याच कमांडने बंद करा आणि डिक्रिप्शन १०० टक्के होऊ द्या.

मग सी ड्राइव्हवरच्या विंडोज, सिस्टिम३२, सिसप्रेप या फोल्डरमधली सिसप्रेप फाइल चालवा. वरच्या पर्यायात ओओबीई निवडा, जनरलाइजवर टिक करा, खालच्या पर्यायात शटडाउन निवडा. जनरलाइजची टिक विसरली तर सगळं व्यवस्थित झाल्यासारखं दिसतं, पण ओळख पुसली गेलेली नसते.

अडलं तर पडद्यावर येणाऱ्या मोघम निरोपावर डोकं फोडू नका. त्याच फोल्डरमध्ये पँथर नावाचा फोल्डर आहे, त्यातली सेटअपॲक्ट लॉग फाइल नोटपॅडमध्ये उघडा आणि तळापासून वर वाचत जा. अमुक पॅकेज एका वापरकर्त्यासाठी बसवलंय पण सगळ्यांसाठी नाही, अशा अर्थाची ओळ जवळपास हमखास सापडते, आणि त्यात पॅकेजचं पूर्ण नाव असतं. पॉवरशेलमध्ये गेट-ॲपएक्सपॅकेज कमांडने ते शोधा, रिमूव्ह-ॲपएक्सपॅकेजने काढा, सिसप्रेप पुन्हा चालवा. एक काढलं की दुसरं अडतं, असं दोन-तीनदा होऊ शकतं. फारच चिघळलं तर 'कच्चा'वर परत जा.

मशीन स्वतः बंद झालं की ते सुरू करू नका. सुरू झालं की ते नवी ओळख घेऊन बसतं आणि सिसप्रेप वाया जातं. बंद अवस्थेतच दुसरा स्नॅपशॉट घ्या. नाव 'पक्का'.

एवढा आटापिटा कशासाठी? प्रत्येक विंडोजला एक मशीन एसआयडी, म्हणजे ओळख क्रमांक, असतो, आणि साध्या क्लोनमध्ये तो सगळीकडे सारखाच राहतो. २००९ साली मायक्रोसॉफ्टच्या मार्क रसिनोविच यांनी एसआयडी बदलणारं न्यूसिड हे साधन बंद केलं, तेव्हा डोमेन कंट्रोलर (नेटवर्कवरच्या सगळ्या खात्यांचा कारभार पाहणारे सर्व्हर) सोडले तर सारख्या एसआयडीने फारसं बिघडत नाही, असं त्यांनी सांगितलं होतं. अनेक जण त्या भरवशावर सिसप्रेप टाळत आले. आता ते चालत नाही. २९ ऑगस्ट २०२५ पासूनच्या अपडेटनंतर विंडोज ११ च्या २४एच२ आणि २५एच२ आवृत्त्या आणि विंडोज सर्व्हर २०२५ हे एसआयडी तपासतात. दोन मशीनचा तो सारखा निघाला की शेअर्ड फोल्डर किंवा रिमोट डेस्कटॉप उघडताना बरोबर पासवर्डसुद्धा नाकारला जातो. इव्हेंट व्ह्यूअरच्या सिस्टिम लॉगमध्ये एलएसएएसआरव्हीच्या नावाने ६१६७ क्रमांकाची नोंद दिसली तर पासवर्ड बदलत बसू नका, दुखणं हेच.

क्लोन

मास्टरच्या स्नॅपशॉटच्या यादीत 'पक्का' निवडून क्लोन दाबा. नाव द्या, आणि मॅक पत्त्याच्या (नेटवर्क ॲडॉप्टरच्या ओळख क्रमांकाच्या) पर्यायात सगळ्या नेटवर्क ॲडॉप्टरना नवे मॅक पत्ते तयार करा असा जो आहे तो निवडा. आधीपासून निवडलेला पर्याय मुकाट्याने स्वीकारू नका. हार्डवेअर यूयूआयडी (मशीनला किंवा डिस्कला दिलेला एकमेव क्रमांक) जपण्याची टिक रिकामीच असू द्या.

पुढचा प्रश्न फुल की लिंक्ड. फुल क्लोन म्हणजे स्वतंत्र डिस्क: मास्टरने ३० जीबी खाल्ले असतील तर पाच क्लोनचे १५० जीबी. लिंक्ड क्लोनमध्ये मूळ डिस्क सामायिक राहते आणि प्रत्येकाचे फक्त बदल वेगळ्या फाइलीत जातात. सुरुवात काही एमबींनी होते, पण प्रत्येक क्लोन विंडोजचं मोठं अपडेट स्वतंत्रपणे घेतो, त्यामुळे वर्षभरात ही बचत बरीच वितळते. शिवाय मास्टरचा फोल्डर हलला किंवा ज्या ड्राइव्हवर तो आहे तो ड्राइव्ह निघाला की सगळे लिंक्ड क्लोन एकदम बंद पडतात. बॅच संपली की पुसून टाकायची क्लासची मशीन असतील तर लिंक्ड उत्तम. ज्यावर कोणाचे हिशोब राहणार आहेत, तिथे फुलच करा.

क्लोनची खिडकी टाळून एक्सप्लोररमधून व्हीडीआय फाइल कॉपी करण्याचा मोह होतो. ती कॉपी जोडायला गेलं की त्याच यूयूआयडीची डिस्क आधीच आहे, असं सांगून व्हर्च्युअलबॉक्स ती नाकारतं. डिस्कच वेगळी हवी असेल तर व्हीबॉक्समॅनेजच्या क्लोनमीडियम कमांडने कॉपी करा, ती नवा यूयूआयडी देते. मशीन दहा-वीस असतील तर त्याच साधनाची क्लोनव्हीएम कमांड स्क्रिप्टमध्ये फिरवा. तिथे काही न सांगितल्यास मॅक पत्ते नवेच मिळतात.

पहिली सुरुवात

सगळे क्लोन एकदम सुरू करू नका, एकेक घ्या. पहिल्या वेळी विंडोज हार्डवेअर ओळखतं, एखाद-दोनदा रीस्टार्ट होतं आणि मग देश, कीबोर्ड, खातं विचारतं. प्रो आवृत्तीत लोकल खातं हवं असेल तर ऑफिस किंवा शाळेसाठी हा पर्याय घ्या, मग साइन-इनच्या पर्यायांत डोमेनला जोडण्याचा मार्ग निवडा. खऱ्या डोमेनला काही तेव्हा जोडलं जात नाही, लोकल खातं तयार होतं. संगणकाचं नाव लगेच बदला. १५ अक्षरांच्या आत, रोमन अक्षरं, आकडे आणि आडवी रेघ एवढंच. मग परवान्याची किल्ली, रिमोट डेस्कटॉप आणि अँटिव्हायरस.

नेटवर्कबाबत एक गोंधळ ठरलेला. एनएटीवर, म्हणजे व्हर्च्युअलबॉक्समध्ये आधीपासून निवडलेल्या नेटवर्क पर्यायावर, असलेल्या प्रत्येक क्लोनला १०.०.२.१५ हाच पत्ता दिसतो, आणि क्लोनिंग फसलं असं वाटतं. तसं नाही, एनएटीमध्ये प्रत्येक मशीन आपल्या वेगळ्या खोक्यात असतं. पण म्हणूनच बाहेरून तिथे पोहोचता येत नाही. वर्कस्टेशन म्हणून वापरायचं तर ॲडॉप्टर ब्रिज्डवर (मशीन थेट ऑफिसच्या नेटवर्कवर दिसेल असा पर्याय) ठेवा, आणि होस्ट वायफायवर नको, केबलवर हवा. बरीच वायफाय कार्डं ब्रिजिंगला धड साथ देत नाहीत. राउटरमध्ये प्रत्येक मॅक पत्त्याला ठरावीक आयपी राखून ठेवा म्हणजे रिमोट डेस्कटॉपचे शॉर्टकट रोज बदलावे लागणार नाहीत.

लोकांच्या हाती देण्याआधी दोन गोष्टी प्रत्येक क्लोनवर तपासा. आयपीकॉन्फिग ऑल दिल्यावर मॅक पत्त्याची सुरुवात सगळीकडे ०८-००-२७ अशीच असेल, ती व्हर्च्युअलबॉक्सची आहे. शेवटच्या तीन जोड्या वेगळ्या हव्यात. त्या सारख्या असतील तर दोन्ही मशीन एकाच आयपीवर भांडतात, पिंग कधी लागतं कधी नाही, आणि लोक केबल बदलत बसतात. दुसरं, हूॲमआय यूझर ही कमांड द्या. एस-१-५-२१ नंतर तीन लांबलचक आकडे आणि शेवटी १००१ सारखा छोटा आकडा येतो. छोटा सारखा असला तरी चालेल, लांब तिन्ही आकडे दोन क्लोनवर जुळले तर जनरलाइज झालेलंच नाही.

उबुंटू असेल तर

उबुंटू या लिनक्समध्ये सिसप्रेप नाही, पण ओळख तिथेही पुसावी लागते. ईटीसी फोल्डरमधली मशीन-आयडी फाइल काढू नका, फक्त रिकामी करा. पुढच्या वेळी सुरू होताना ती नव्याने भरली जाते. हे राहून गेलं तर मॅक पत्ते वेगळे असूनही दोन क्लोनना एकच आयपी मिळतो, कारण उबुंटू सर्व्हरचं नेटवर्क आयपी वाटणाऱ्या डीएचसीपीला मॅकऐवजी या आयडीवरून बनवलेली ओळख देतं. एसएसएचच्या होस्ट की मास्टरमधून काढा आणि प्रत्येक क्लोनवर एसएसएच-कीजेन कमांड कॅपिटल ए पर्यायासह चालवून नव्या करा. होस्टनेम बदलताना होस्ट्स फाइलमधली १२७.०.१.१ ची ओळही बदला, नाहीतर सुडो प्रत्येक वेळी नाव सापडत नाही म्हणून कुरकुर करतं.

मास्टर जुना झाला की

मास्टरमध्ये केलेलं अपडेट आधीच्या क्लोनमध्ये उतरत नाही, लिंक्ड असले तरी. नव्या बॅचसाठी 'कच्चा' स्नॅपशॉटवर परत जा, अपडेट घाला, तिथे नवा कच्चा स्नॅपशॉट घ्या, सिसप्रेप करून नवा पक्का घ्या. नावात महिना आणि वर्ष लिहा. जुना 'पक्का' लगेच पुसायला जाल तर त्याच्यावर टेकलेले लिंक्ड क्लोन असेपर्यंत व्हर्च्युअलबॉक्स तो पुसूच देत नाही. आधी क्लोन काढा, मग स्नॅपशॉट.