गिअर अडत असेल तर दोष कसा शोधावा

गिअर नीट पडत नसेल, तर गिअरबॉक्स उतरवण्याआधी दोष क्लचचा आहे, गिअरच्या दांड्याचा आहे की आतील भागांचा, हे ठरवावे. हा क्रम टाळल्यास नको तो खर्च होऊ शकतो. गाडी सपाट जागी हँडब्रेक लावून उभी करावी आणि इंजिन बंद ठेवून, क्लच दाबून सर्व गिअर टाकून पाहावेत. बंद इंजिनावर सहज पडणारे गिअर, विशेषतः पहिला आणि रिव्हर्स, इंजिन सुरू होताच अडू लागले, तर क्लच पूर्ण सुटत नाही, म्हणजे पेडल दाबूनही इंजिन गिअरबॉक्सपासून पूर्ण वेगळे होत नाही, असे समजावे. हायड्रॉलिक (द्रवाच्या दाबावर चालणारा) क्लच असल्यास द्रवाची पातळी आणि क्लचच्या सिलिंडरभोवतीचा ओलावा तपासावा. पेडल दोन-तीनदा भरभर दाबल्यावर गिअर पडू लागला, तर नळीत हवा शिरल्याची किंवा सील झिजल्याची शक्यता मोठी असते. केबलचा क्लच असेल, तर केबलचा ताण पाहावा.

इंजिन बंद असतानाही दांडा जड लागला, तर त्याखालील सांधे आणि बुश (सांध्यातील अस्तरासारख्या नळ्या) तपासावेत. चालत्या गाडीत एकाच गिअरला करकर होत असेल, तर त्याची सिंक्रोनायझर रिंग (गिअर पडताना दोन्ही भागांचा वेग जुळवणारी कडी) झिजलेली असावी. मात्र आधी गिअर ऑइल पाहावे, कारण जीएल-4 ऐवजी भरलेली काही जीएल-5 तेले (जीएल-4 आणि जीएल-5 या गिअर ऑइलच्या प्रती आहेत) पितळी रिंगला मारक ठरतात.

न्यूट्रलमधील घरघर क्लच दाबताच थांबली, तर संशय इनपुट शाफ्टच्या (क्लचकडून गिअरबॉक्समध्ये फिरणे नेणाऱ्या दांड्याच्या) बेअरिंगवर घ्यावा; दाबल्यावरच सुरू झाली, तर रिलीज बेअरिंगवर (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणाऱ्या बेअरिंगवर). गाडी वळताना टकटक ऐकू आल्यास सीव्ही जॉइंटचे (चाकाकडे फिरणे पोचवणाऱ्या सांध्याचे) रबरी आवरण फाटले आहे का, ते पाहावे.