घरी गाणं एडिट करायचंय? आधी काम ठरवा, मग सॉफ्टवेअर

घरी गाणं रेकॉर्ड करायला लागलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात मी पाच मोफत सॉफ्टवेअर उतरवून घेतली. महिना उलटला तरी एकातही गाणं पूर्ण झालं नव्हतं. प्रत्येकाची बटणं वेगळी, मेनू वेगळे. रोजची संध्याकाळ ती शोधण्यातच जायची. 'सगळ्यात चांगलं कुठलं?' असं मी सगळ्यांना विचारत होतो. 'मला नेमकं करायचंय काय?' हे मात्र स्वतःला विचारलं नव्हतं.

कामं मुळात दोन प्रकारची असतात. तयार रेकॉर्डिंगची सुरुवात-शेवट कापायचा, मधला खोकला काढायचा, खरखर कमी करायची, आवाजाची पातळी सारखी करायची, एवढंच असेल तर वेव्ह एडिटर पुरतो. ऑडॅसिटी त्यातलं सर्वांत परिचित. ते कार्नेगी मेलन विद्यापीठात सुरू झालं आणि २००० साली सर्वांसाठी खुलं झालं. ओसेनऑडिओ आणखी हलकं आहे. एकच फाइल उघडून झटपट काम उरकायचं असेल तर मला तेच आवडतं.

दुसरं काम म्हणजे थरावर थर चढवणं: आधी गिटार, त्यावर गाणं, मग दुसरा आवाज, ताल. त्यासाठी डिजिटल ऑडिओ वर्कस्टेशन लागतं, ज्याला सगळे 'डॉ' म्हणतात. मॅक असेल तर गॅरेजबँडपासून सुरुवात करा, दुसरं शोधत बसू नका. विंडोज किंवा लिनक्सवर वेव्हफॉर्म फ्री बघा, त्यात ट्रॅकच्या, म्हणजे थरांच्या, संख्येवर बंधन नाही. एलएमएमएस बीट आणि सिंथच्या (इलेक्ट्रॉनिक वाद्याच्या) सुरावटी बांधायला छान आहे, पण तुमचं काम माइकसमोर गाण्याचं असेल तर त्याच्या वाटेला जाऊ नका.

ऑडॅसिटीतही थर चढवता येतात. मात्र त्याचे जुने शिकवणीचे व्हिडिओ बघताना एक गोष्ट लक्षात ठेवा. पूर्वी त्यात इफेक्ट दिला की तो थेट ध्वनीवरच कोरला जायचा. चार पायऱ्या पुढे गेल्यावर 'प्रतिध्वनी जरा कमी हवा होता' असं वाटलं, तर सगळं मागे फिरवण्याशिवाय उपाय नसे. २०२२ मध्ये आलेल्या ३.२ आवृत्तीपासून इफेक्ट ट्रॅकवर नुसता लावून ठेवता येतो, ऐकता ऐकता बदलता येतो आणि बंदही करता येतो. नवशिक्याने याच पद्धतीने शिकावं असं माझं ठाम मत आहे, कारण पहिले सहा महिने आपले निर्णय रोज बदलत असतात.

'मोफत' या शब्दाकडेही नीट बघा. ऑडॅसिटीचा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामचं मूळ लिखाण, खुला आहे. आर्डर या डॉचाही आहे, पण त्याच्या संकेतस्थळावरून तयार प्रोग्राम घ्यायचा तर पैसे द्यावे लागतात. रीपर हे डॉ ६० दिवस वापरून बघता येतं, पुढे लायसन्स घ्यावं लागतं, त्यामुळे ते मोफतच्या यादीत धरू नका. केकवॉक या डॉचं उदाहरण तर बोलकं आहे: २०१७ मध्ये गिब्सन कंपनीने त्यावरचं काम थांबवलं आणि २०१८ मध्ये बँडलॅब कंपनीने ते घेऊन मोफत केलं. कंपनीचं मोफत सॉफ्टवेअर जरूर वापरा, पण आपलं काम त्यात अडकून पडणार नाही याची सोय आधीच करा. ती कशी, ते शेवटी सांगतो.

माझा सर्वाधिक वेळ खाल्ला तो लेटन्सीने, म्हणजे आवाज कॉम्प्युटरमधून जाता-येता होणाऱ्या उशिराने. हेडफोनमध्ये गिटार ऐकत गायचो, आणि नंतर ऐकलं की आवाज तालाच्या मागे पडलेला. मला वाटायचं, माझाच ताल कच्चा आहे. सेकंदाला ४४,१०० सॅम्पल (आवाजाचे नमुने) असताना १०२४ सॅम्पलचा बफर (कॉम्प्युटर एका वेळी हाताळतो तो आवाजाचा तुकडा) ठेवला तर एकट्या बफरपायी सुमारे २३ मिलिसेकंद जातात. बफर १२८ केला तर हेच सुमारे ३ वर येतं. जाण्या-येण्याचा एकूण उशीर याहून जास्त असतो. तो मोजायची सोपी युक्ती आहे. मेट्रोनोम एका ट्रॅकवर लावा, हेडफोनची एक वाटी माइकला चिकटवा आणि दुसऱ्या ट्रॅकवर तोच टिकटिकाट रेकॉर्ड करा. आता झूम करून मूळची टिक आणि रेकॉर्ड झालेली टिक यांतलं अंतर बघा. तेवढे मिलिसेकंद सेटिंगमधल्या लेटन्सी कॉम्पेन्सेशनमध्ये भरा. माझं हे करून झालं त्या रात्री पहिल्यांदा गाणं आणि गिटार एकत्र बसले. गाताना बफर लहान ठेवा, मिक्सिंगच्या (सगळे ट्रॅक एकत्र जुळवण्याच्या) वेळी मोठा, नाहीतर कॉम्प्युटर अडखळतो.

खरखर काढण्याबद्दल थोडक्यात: गाण्याआधी दोन-तीन सेकंद शांत राहा आणि तेही रेकॉर्ड होऊ द्या. त्या शांततेचा नमुना घेऊनच नॉइज रिडक्शन काम करतं. प्रमाण मात्र बेताचंच ठेवा. जास्त झालं की आवाज पाण्याखालून आल्यासारखा लागतो.

आता ती सोय. एकदा कॉम्प्युटर बदलताना मी प्रोजेक्टची छोटीशी फाइल तेवढी उचलून नेली. खरे आवाज शेजारच्या फोल्डरमध्ये असतात हे मला माहीतच नव्हतं, आणि जुनी डिस्क तोवर पुसून झाली होती. ट्रॅकची नावं दिसत होती, आत काही नाही. एका गाण्याची तीन आठवड्यांची मेहनत गेली, त्याचं आजही वाईट वाटतं.

तेव्हापासून गाणं संपलं की प्रत्येक ट्रॅक स्वतंत्र २४ बिट वेव्ह फाइल म्हणून एक्सपोर्ट करतो, आणि सगळे अगदी शून्य सेकंदापासून, भले आवाज दुसऱ्या मिनिटाला सुरू होत असो. चार मिनिटांचा एक मोनो ट्रॅक साधारण ३२ एमबी होतो. मध्यंतरी सॉफ्टवेअर बदललं तेव्हा असेच सहा ट्रॅक नव्या ठिकाणी ओढून टाकले. काहीही सरकवावं लागलं नाही, गाणं पहिल्या ठोक्यापासून जसंच्या तसं वाजलं.