सम्राटाला महारणगाडा द्यायचाय? आधी पूल मोजा

माझं आयुष्य ट्रेलरवर ट्रान्सफॉर्मर लादून पोचवण्यात गेलं. त्यामुळे कोणी आपल्या कादंबरीतल्या साम्राज्यासाठी महाकाय रणगाडा रचायला घेतला, की मी तोफ केवढी ते विचारत नाही. वाटेत पूल किती, ते विचारतो.

वजन दीडशे-दोनशे टनांच्या आसपास ठेवा. हजार टनांचा मोह टाळा. जर्मनीत १९४२ मध्ये ‘राटं’ नावाचा तसला रणगाडा आखला होता, पुढच्या वर्षी शस्त्रास्त्रमंत्री श्पेअर यांनी तो रद्द केला. कागदावरचं धूड चिखलात रुतत नाही, आणि रुतल्याशिवाय गोष्ट कसली?

मग रूट सर्व्हे. कारखान्यापासून आघाडीपर्यंतचा रस्ता नकाशावर काढा आणि प्रत्येक पूल, बोगदा, वळण तपासा. खरी मजा इथेच आहे. जर्मन अभियंता पोर्शेच्या ‘माउस’ रणगाड्याचं वजन १८८ टन. पूल त्याला पेलणार नव्हते, म्हणून नदीच्या तळावरूनच चालवत न्यायचं ठरलं! पाण्याखाली इंजिन चालणार नाही, पण चाकं फिरवायला विजेच्या मोटारी होत्या. तेव्हा काठावर दुसरा माउस उभा करायचा आणि त्याच्या जनरेटरची वीज केबलने पहिल्याला द्यायची. म्हणजे नदी ओलांडायला दोन हवेत. बनले किती? दोनच नमुने, त्यातल्या एकालाच खरा बुरूज, म्हणजे तोफेचा फिरता घुमट. रेल्वेने न्यायला चौदा आसांची खास वाघीण बांधली, ती वेगळीच. असा हिशेब तुमच्या रेल्वेमंत्र्याच्या तोंडी घाला, दरबाराचा प्रसंग आपोआप उभा राहील.

सम्राटाच्या कानाशी लागणारा एक अभियंता हवाच. त्याला मूर्ख करू नका. हुशार, लाडका आणि पुलांचा विषय निघाला की चष्मा पुसणारा, असा करा.

बिघाड मात्र क्षुल्लक जागी घडवा. रशियाच्या ‘झार’ रणगाड्याची पुढची चाकं ९ मीटर व्यासाची होती. १९१५ च्या चाचणीत झाड मोडून तो पुढे गेला आणि अडकला मागच्या लहानशा चाकापायी. ते मऊ जमिनीत रुतलं, इंजिनांना ओढवेना. पुढे कित्येक वर्षं तो तिथेच उभा होता.

शेवट लढाईत करू नका. फ्रान्सचे ‘एफसीएम २सी’ हे महाकाय रणगाडे जून १९४० मध्ये रेल्वेने मागे नेत होते. रूळ अडले, तेव्हा बरेचसे त्यांच्याच सैनिकांनी उडवून दिले. एक जर्मनांना सापडला, त्यांनी तो बर्लिनला नेऊन मिरवला. तुमच्याही साम्राज्याचा एखादा शत्रूच्या हाती शाबूत लागू द्या. मग त्याच्या सेनापतीलाही माझ्यासारखा ट्रेलरवाला शोधावा लागेल, आणि दुसऱ्या भागाची सोय होईल.